गाण्याची बाजू मांडणाऱ्या नलिनीताई

ॲड. नलिनी तिरोडकर यांना मी प्रथम भेटले ती मालाड पश्चिमेच्या त्यांच्या एका खोलीच्या ऑफिसात. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. कायद्याची पदवी घेऊन मी अंधेरीहून ज्युनिअर होण्यासाठी आले होते. ताईंनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि टेबलावरची एक कॅसेट माझ्यापुढे सरकवली.

“हे काय आहे?”

“कॅसेट.”

“ते पानवालाही सांगेल. वकील म्हणून सांगा. यात कोणाकोणाचा हक्क आहे?”

मी गाणाऱ्या बाईंचं नाव घेतलं. ताई म्हणाल्या, “आजच्या कायद्यात गाणाऱ्याला काही मिळत नाही. शब्द ज्याचे, चाल ज्याची, त्याला मिळतं. उद्यापासून या.”

त्या वर्षांत उपनगरांत गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघत होत्या, इमारतींच्या गच्च्यांवरून केबलच्या वायरी ओढल्या जात होत्या. त्यांतून उठणारे तंटे नवे होते आणि कायदे मात्र तारायंत्राच्या जमान्यातले. बहुतेक वकील असली कामं टाळत. ताई मुद्दाम घेत. बोरिवलीच्या एका केबलवाल्याचं प्रकरण आलं, तेव्हा त्या साडीचा पदर खोचून त्याच्या गच्चीवर चढल्या आणि कोणती पेटी काय करते हे समजून घेतल्याशिवाय त्यांनी कागदाला पेन लावलं नाही. मूळच्या कोकणातल्या गिरणी कामगाराची ही मुलगी. यंत्राला त्या कधी बिचकल्या नाहीत.

पण ताई म्हटलं की मला आठवतात त्या मनोरीच्या हिराबाई.

हिराबाई कोळीण. दिवसा मासळी विकायच्या आणि गावातल्या हळदींना गायच्या. एका कॅसेट कंपनीनं त्यांना अंधेरीच्या स्टुडिओत नेऊन त्यांचं एक गाणं भरून घेतलं आणि एक साडी देऊन परत पाठवलं. होडीतून सासरी निघालेल्या नवरीचं ते गाणं. त्यातल्या करपलेल्या भाताच्या कडव्यावर तर लोक फिदा होते. वर्षभरात ते लग्नालग्नांत वाजू लागलं. कॅसेटवर गीतकार म्हणून नाव मात्र भलत्याच गृहस्थांचं. पुढे हिराबाई मालाडच्या एका हॉलमध्ये तेच गाणं गायल्या, तर कंपनीनं त्यांच्यावर दावा ठोकला: आमच्या परवानगीशिवाय या बाईंना हे गाणं गायला मनाई करा.

“माज्या पुतणीच्या, सुगंधाच्या हळदीला मीच रचलंय त्ये,” हिराबाई म्हणाल्या. “चाल आयशीची, शब्द माजे. आता माजंच गानं माज्या तोंडी नको?”

“चाल साऱ्या गावाची, तिला कोणी कुलूप घालू शकत नाही,” ताई म्हणाल्या. “पण शब्द तुमचे, हे मला दाखवावं लागेल. लिहून ठेवलंत कधी?”

“मला लिवता कुटं येतं, वकीलबाई?”

सुनावणीआधी कंपनीचा निरोप आला. शब्द माझे नाहीत असं हिराबाईंनी लिहून द्यावं; कंपनी दावा मागे घेईल आणि वर काही रक्कमही देईल. हिराबाईंचा मुलगा म्हणाला, “घे ना आये, कशाला कोर्टाची झंझट?” ताईंनी त्याला गप्प केलं नाही. त्या हिराबाईंना म्हणाल्या, “तो म्हणतो ते अगदीच चूक नाही. हरलात तर गाणंही जाईल आणि रक्कमही. जिंकूच असं मी सांगू शकत नाही. ठरवायचं तुम्ही.”

हिराबाई म्हणाल्या, “माजं नाय म्हनून आंगठा देऊ? मंग सुगंधाच्या पोरीच्या हळदीला कंच्या तोंडानं गाऊ?”

दुसऱ्याच दिवशी ताई मला घेऊन मार्व्याहून बोटीनं मनोरीला गेल्या. घरोघरी विचारता विचारता कळलं की सुगंधाच्या हळदीला परदेशी जहाजावर नोकरीला असलेल्या हिराबाईंच्या दिरानं नवाकोरा टेपरेकॉर्डर आणला होता आणि हौसेनं सगळा गोंगाट भरून ठेवला होता. टेप सापडली. ताईंनी ती तिथे वाजवूनही पाहिली नाही. “तुटली तर?” म्हणाल्या. पंचांसमोर तिला सील केलं, दिराचं प्रतिज्ञापत्र घेतलं. नंतर अंधेरीच्या एका ध्वनिमुद्रकाकडे बसून टेपमध्ये जोडकाम केलेलं कसं ओळखतात, हेही त्या शिकून आल्या.

न्यायालयात कंपनीचे वकील मोठे नावाजलेले होते. “ज्या बाईंना अक्षर येत नाही, त्या कवयित्री?” त्यांनी विचारलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, “लिहिता येत नाही, महाराज. रचता येतं. आपण ऐकावं, एवढीच विनंती.”

टेपमध्ये काहीही जोडता येतं, असा आक्षेप आला. ताईंनी त्याचं एकेक उत्तर दिलं. अखेर न्यायमूर्तींच्या दालनात टेप लागली. बायकांचा कलकलाट, सुगंधाच्या नावाचा पुकारा, मग हिराबाईंचा खणखणीत आवाज. दोन कडवी झाली आणि गाणं मध्येच थांबलं. “अगो, भात बघा कोनीतरी, करपला!” एकच हशा पिकला. आणि त्या हशातच हिराबाईंनी तिसरं कडवं उचललं: नवरीच्या हळदीत करपलेल्या भाताचं.

सुगंधा तिथे हजर होती. न्यायमूर्तींनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “माजीच हळद ती, सायेब. माजी मुलगी आता दुसरीत हाये.” कॅसेट येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. न्यायमूर्ती कंपनीच्या वकिलांकडे वळले. “आपले गीतकार त्या हळदीला होते का?”

मनाई हुकूम नाकारला गेला. पुढे कंपनीनं तडजोड केली आणि नव्या कॅसेटींवर हिराबाईंचं नाव छापलं. आधी विकल्या गेलेल्या कॅसेटी मात्र तशाच राहिल्या, आणि ती रुखरुख ताई आजही बोलून दाखवतात.

ताई रागीट आहेत. माझे कितीतरी मसुदे त्यांनी टराटरा फाडले. पण माझे वडील इस्पितळात होते, तेव्हा माझी सगळी कामं त्यांनी स्वतः चालवली आणि दुपारी माझ्यासाठी डबा घेऊन त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसत. त्याविषयी कधी शब्दानंही बोलल्या नाहीत.

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. कांदिवली, मुलुंड, घाटकोपरहून नव्या मुली अजून त्यांच्याकडे शिकायला येतात, आणि ताई त्यांना पहिल्यांदा अशिलाचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायला लावतात. ताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो आणि तुमची शंभरी आम्हां साऱ्यांना याच उपनगरात साजरी करायला मिळो. तुमच्या पायऱ्या चढून येणाऱ्या माणसाला वर कोणीतरी आपलं ऐकणारं बसलंय, हा भरवसा अजून पुष्कळ वर्षं लागणार आहे.