शेजारी काडेपेटी ठेवा

किस्से जमवायचे म्हणून आम्ही कधी जमवले नाहीत, ते आपले पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे कोपऱ्यात साठत गेले. आमच्या ग्रुपचं काम तसं साधं. बंगळुरातले लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, हा सापळा आहे का, कशासाठी लावलाय विचारतात, आणि आम्ही ओळखून सांगतो. खार, मुंगूस, ससा, उदमांजर, रानउंदीर, एवढीच आमची प्रजा. बिबट्यांसाठी दुसरी मोठी माणसं आहेत.

आमच्यातल्या मोठ्या म्हणजे नंदिनी अक्का. प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, घर बनशंकरीला, बोलणं मराठी पण मधेमधे कन्नड. दुसरा मकरंद, नागपूरचा, सर्जापूर रोडला राहणारा सॉफ्टवेअर टेस्टर. तिसरी मी, पुण्याची, त्यामुळे शंका काढण्याचं खातं माझ्याकडे.

* * *

मकरंद नवीन होता तेव्हा बनशंकरीच्या एका बाईंचा फोटो आला. मातीत अर्धवट पुरलेलं काहीतरी, दोन्ही बाजूंना दात, मधे स्प्रिंग. मकरंदने क्षणात ओळखलं: पाय पकडणारा जबड्याचा सापळा! जाड हातमोजे, पक्कड, टॉर्च घेऊन पठ्ठ्या शनिवारच्या ट्रॅफिकमधून सर्जापूर रोडवरून थेट बनशंकरीला.

तो केसांचा क्लचर होता. फोटो अगदी जवळून काढल्यामुळे केवढा आहे ते कळत नव्हतं, एवढंच. बाईंनी तो नळाखाली धुतला, केसांना लावला आणि मकरंदला कॉफी दिली.

* * *

त्यानंतर अक्कांनी नियम काढला. फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवायची, म्हणजे आकार कळतो.

चामराजपेटच्या एका गूळवाल्या अण्णांनी नियम फारच मनावर घेतला. त्यांनी काडेपेटी सापळ्याच्या शेजारी न ठेवता आत ठेवली. खटका पडला. आम्हाला फोटो आला तो जाळीच्या पिंजऱ्यात अडकलेल्या काडेपेटीचा.

अक्कांनी उत्तर पाठवलं, "सापळा चालू आहे."

* * *

याच अण्णांची खरी अडचण वेगळीच होती. गोदामात उंदीर नकोत, पण चिचुंद्री हवी, कारण ती असली की धंदा चालतो अशी त्यांच्या घरातली पक्की समजूत. तर उंदीर धरेल पण चिचुंद्रीला जाऊ देईल असा सापळा त्यांना हवा होता. किंमत स्वल्प जास्त असली तरी हरकत नव्हती.

अक्कांनी त्यांना समजावलं, की आत कोण येतंय हे सापळ्याला कळत नाही, ते सकाळी उठून आपणच बघायचं असतं. अण्णा "सरी" म्हणाले, म्हणजे बरं. तेव्हापासून ते रोज पहाटे पिंजरा उघडून चिचुंद्रीला सोडतात, आणि सोडण्याआधी आम्हाला फोटो पाठवतात. शेजारी काडेपेटी असते.

* * *

मकरंदच्या सोसायटीमागच्या माळावर एकदा ओळीने अ‍ॅल्युमिनियमचे छोटे डबे सापडले. सिक्युरिटीवाल्याने शिट्टी मारली आणि अख्खा टॉवर पार्किंगमध्ये उतरला. हे संशोधक लोकांचे घडीचे सापळे आहेत, यात उंदीर जिवंत राहतो, असं मकरंद ओरडून सांगत होता. बरोबर सांगत होता, पण ऐकतो कोण? शेवटी त्याने एक डबा उचलला आणि सेक्रेटरींसमोर झाकण उघडलं. आतला उंदीर सेक्रेटरींच्या बाहीत शिरला आणि कॉलरमधून बाहेर पडून माळावर पळाला.

तेवढ्यात ज्याचे डबे होते तो पीएचडीचा विद्यार्थी धापा टाकत आला. सेक्रेटरी अजून शर्ट झटकत होते. त्यांच्याकडे न बघता त्याने मकरंदला विचारलं, "सोडण्याआधी वजन केलं का?"

* * *

पुढचं सांगताना हसू येत नाही, पण ते सांगितल्याशिवाय शेवटचं कळणार नाही.

एकाने कुंपणाखालच्या वायरीचा फोटो पाठवला होता. ज्यावर फोटो येतात तो ग्रुपचा फोन त्या दिवशी मकरंदकडे होता. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याने बघितलं आणि उत्तर दिलं, केबलची जुनी वायर दिसते, राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा दुसरा फोटो आला. वायरीत मुंगूस होतं, मेलेलं.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त फोन मागून घेतला. मकरंदने तो दिला आणि नंतर कधी मागितला नाही. मात्र दर रविवारी यायचा, कुठल्याही झुडपाखाली वाकून बघायचा. तो फोन त्याला परत हवा होता हे आम्हा दोघींना दिसत होतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

* * *

गेल्या रविवारी आम्ही सर्जापूरच्या पलीकडे एका तळ्याकाठी गेलो. अक्का पुढे, काठीने दाखवत चाललेल्या. ससे नेहमी एकाच वाटेने जातात, गवत कसं दबतं बघा, फासा लावणारा तीच जागा हेरतो, वगैरे. त्यांचा तास रंगात आला होता.

"अक्का, थांबा," मागून मकरंद म्हणाला. "डावा पाय हलवू नका."

अक्का थांबल्या. मला गवताशिवाय काही दिसत नव्हतं.

"काय आहे?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"फासा. बाइकच्या क्लचची वायर आहे, खुंटीला बांधलीय. पाऊल आत पडलंय तुमचं."

"कशाला लावलाय?"

"सशाला. पण मुंगूसही अडकतं."

"ओढला तर?"

"आवळतो. तुम्ही उभ्या राहा, मी कापतो."

तो गुडघ्यांवर बसला. पक्कड दोनदा निसटली. मग वायर तुटली. अक्कांनी पाय बाहेर काढला, पर्समधून ग्रुपचा फोन काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"मला दिसला नव्हता," त्या म्हणाल्या.