दोष वायरचा नव्हता

तंजावूरच्या एका खाजगी कॉलेजात मी बरीच वर्षं नेटवर्क सांभाळतो. हे काम कुणाला दिसत नाही. स्विच म्हणजे कॉम्प्युटरच्या तारा जिथं येऊन जुळतात ती पेटी. एकाच स्विचला लागलेल्या तारा मी वेगवेगळ्या गटांत टाकतो, त्यांना व्हीलॅन म्हणतात. परीक्षा विभाग एका गटात, लॅब दुसऱ्या, होस्टेल तिसऱ्या. होस्टेलमधून कुणी प्रश्नपत्रिकांपर्यंत पोचू नये म्हणून. भिंत नसते, नुसते आकडे.

तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी लायब्ररीतला स्विच बंद पडला. मी कपाटातला जुना काढून जोडला. जोडण्याआधी त्याच्यातली जुनी यादी पुसायची असते. मला माहीत होतं, कंटाळा केला. आमचे स्विच गटांची यादी एकमेकांकडून आपोआप घेतात, आणि ज्याच्या यादीचा क्रमांक मोठा त्याचीच खरी मानतात. जुन्याचा क्रमांक मोठा निघाला. मिनिटभरात चारही इमारतींतले गट पुसले गेले. परीक्षेला बसलेल्यांचे कॉम्प्युटर अडकले.

काय झालं ते मला लगेच कळलं. जुना स्विच काढून कपाटात ठेवला, वहीत पाहून एकेक गट परत भरत बसलो. दुपार झाली. परीक्षा पुढे ढकलावी लागली.

प्रिन्सिपॉल खाली आले. "कशानं झालं?"

"लायब्ररीत वायरिंगचं काम चालू होतं, सार," मी म्हणालो.

काम खरंच चालू होतं. आमचा वायरमन अण्णा शिडीवर चढून नवी तार ओढत होता. कॉलेजच्या भिंतींना गिलावा नव्हता तेव्हापासून तारा त्यानंच टाकलेल्या. माझ्याहून वयानं मोठा, तिरुवैयारूकडून मोपेडवर यायचा. बरीच वर्षं आम्ही दुपारी डबे उघडून एकत्र दहीभात खाल्ला होता. त्या दिवसानंतर त्याला कॉलेजात कुणी बोलावलं नाही.

मी खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला समजावत राहिलो. मनातल्या मनात, घरातल्या मराठीत. तमिळमध्ये म्हणायचा धीर झाला नाही, कारण तमिळमध्ये ते अण्णाला कळलं असतं.

यंदा एका रविवारी त्याच्या घरी गेलो. तो आता शेतांवरचे मोटारपंप दुरुस्त करतो. पंप उघडून बसला होता. मी सगळं सांगितलं. हात पुसत तो म्हणाला, "तीन वर्षं लागली होय सार? तिरुवैयारूला यायला बस अर्धा तास घेते."

"तुला माहीत होतं?"

"मी लायब्ररीतली एक तार ओढली. तेवढ्यानं होस्टेल कसं बंद पडेल? एवढं मलाही कळतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगू? तिथं ह्यातलं समजणारे तुम्ही एकटे. तुमची तक्रार तुमच्याकडेच आणू?"

त्याच्या बायकोनं कॉफी आणून दिली. नको म्हणता येईना. निघताना तो म्हणाला, "मला सांगून झालं. आता कॉलेजात जाऊन सांगा. मला परत बोलावू नका म्हणावं. नुसतं सांगा."

सोमवारी सांगितलं. प्रिन्सिपॉलनी ऐकलं, घड्याळ बघितलं. "आता नीट चाललंय ना?"

"चाललंय, सार."

"मग सोडा की. जुनी गोष्ट."

मी उठलो नाही. इतक्या सहज सुटका होणार असती तर तीन वर्षं हे मनात वागवून मला इतका थकवा आला नसता. तिथंच कागद मागून घेतला आणि इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. त्या दिवशीची चूक माझी होती, वायरचा दोष नव्हता, तार टाकणाऱ्याचा तर नव्हताच. खाली सही केली. त्यांना कंटाळा आला होता, तरी शिक्का मारला.

त्याची प्रत अण्णाला नेऊन दिली. त्यानं दोनदा वाचली, बायकोला हाक मारली आणि तिला मोठ्यानं तमिळमध्ये वाचून दाखवायला लागला. मी चपला घालून अंगणात उभा राहिलो.