वेशीला जामीन राहिलेले सत्तारचाचा

निलंग्याच्या पुढे, कर्नाटकच्या सीमेकडे आमचं छोटं गाव आहे. तिथले जुने गवंडी सत्तारचाचा गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, वेशीच्या जिन्यावर बसलेले असताना गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी वेशीवरच्या खोलीत चाळीसेक मुलं अभ्यास करत होती.

वेस निजामाच्याही आधीची. काळ्या दगडाची कमान, दोन्ही बाजूंना बुरूज आणि कमानीवर नगारखान्याची खोली. गावात जुनं म्हणावं असं एवढंच उरलं आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडे दगडाचीच भीती बसली. लोक महिनोन्‌महिने पत्र्याखाली राहिले. रस्त्याने ट्रक गेला तरी बायका मुलांना उचलून अंगणात धावत. वेशीच्या कमानीला तडा गेला होता, म्हणून ती पाडायचं ठरलं. पाडायला आलेल्या माणसांसमोर सत्तारचाचा उभे राहिले. वेशीची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडे होती. "ही पडायची न्हाई. मी जामीन हाय," ते म्हणाले. "पडली तर तुझ्या कबरीला दगड शोधाया नको, सत्तार," गर्दीतून कोणी टोमणा मारला. सगळे हसले, चाचाही हसले. मग त्यांनी तड्यावर आडवी काचेची एक पट्टी चुन्यात बसवली. तडा केसभर सरकला तरी काच तडकते. ही त्यांच्या वडिलांची पद्धत.

मी तेव्हा लातूरच्या एका दैनिकात नवा होतो. चाचांचं म्हणणं लिहून नेलं. वेस भक्कम असल्याचा जाणत्या गवंड्याचा निर्वाळा, अशी बातमी छापून आली आणि पाडापाडी थांबली. मी लिहून नेलेल्या बातमीत चाचांचं शेवटचं वाक्य असं होतं : "पर वर माणसं, वजन चढवू नका, कमान आपला भार पेलंल, दुसऱ्याचा न्हाई." जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. ते वाक्य मीच कापलं. चाचा उर्दू वाचत, मराठी नाही. काय छापलं आणि काय नाही, हे त्यांना बरीच वर्षं कळलं नाही.

पुढे लातूरला क्लासेसची लाट आली. गावातली मुलं तिकडे खोल्या घेऊन राहू लागली. ज्यांना ते झेपत नव्हतं त्यांच्यासाठी गावातल्याच एका सरांनी क्लास काढला आणि नगारखान्यात अभ्यासिका सुरू केली. लोखंडी टेबलं आली, पुस्तकांची कपाटं आली, शेवटी छतावर पाण्याची टाकी आली. जिन्याच्या तोंडाशी सरांनी ती जुनी बातमी लॅमिनेट करून लावली. वर बसणाऱ्यांत चाचांच्या मुलीची मुलगी शमाही होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

चाचा रोज सकाळी मुलांच्या आधी येऊन काच पाहत. "चाचा आले रे, आज पहिला पेपर भूकंपाचा!" मुलं ओरडत. टाकी भरली त्या आठवड्यात काच तडकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चाचांनी दुसरी बसवली. दहा दिवसांत तीही तडकली. तेव्हा ते वर गेले आणि खोली रिकामी करा म्हणाले.

"चाचा, भक्कम हाय म्हणून तुम्हीच सांगितलंय. पेपरात आलंय," सर म्हणाले.

"वर बसा असं मी म्हणलो नव्हतो. वजन चढवू नका म्हणलो होतो."

सरांनी त्यांना बातमीपाशी नेलं आणि शमाला वाचायला सांगितलं. तिने मोठ्याने वाचलं. "फिरून वाच," चाचा म्हणाले. तिने पुन्हा वाचलं... "नाना, ह्यात इतकंच हाय."

त्यांनी मला बोलावून घेतलं. "अरुण, माझं अर्धं बोलणं कुठं गेलं?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत. "भूकंपाला मी भ्यालो न्हाई. आता लई भितो. पोरं माझ्या शब्दावर बसून राहिलीत. दुसरी बातमी छाप. सत्तार चुकला म्हण." इंजिनिअरची तपासणी झाल्याशिवाय तसं छापता येणार नाही, असं मी म्हणालो. तपासणीसाठी आम्ही दोघांनी मिळून अर्ज दिला. चाचांनी तिसरी काच बसवली.

त्यानंतर ते रोज जिन्यावर बसू लागले. मुलं त्यांच्या कडेने वर जात. शमाही जात असे. "नगं जाऊस," ते म्हणत. "परीक्षा तोंडावर हाय नाना, घरात कुठं बसू?" ती विचारी. "मग मी हितंच हाय. आवाज झाला तर तुला हाक तर मारता येईल."

दफनानंतर मी वेशीपाशी गेलो. तिसरी काच तडकलेली होती. ती कधी तडकली, हे सांगता येत नाही. तपासणी अद्याप झालेली नाही. शमा आता घरी अभ्यास करते. बाकीची मुलं वर बसतात.