खाकी ट्रक आणि पाड्यावरचं आमचूर

तळोद्याहून डोंगरातल्या गावांना मी बरीच वर्षं जीप चालवली. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर कोंबड्या, सगळं नेलं. पण एका पाड्यावर जीप कधी पोचली नाही. आधी नाला, मग नुसत्या दगडगोट्यांचा चढ. तिथल्या बायका उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळवून आमचूर करतात. तिथवर जायचा तो एका व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर. तो म्हणेल तो भाव, आणि बायका गुपचूप पोती द्यायच्या. मी नाल्याअलीकडे उभा राहून बघायचो आणि माझं डोकं फिरायचं.

गेल्या उन्हाळ्यात तोंडातून निघून गेलं, "पुढच्या वेळी त्याला देऊ नका. मी गाडी आणतो. थेट अक्कलकुव्याच्या बाजारात नेतो."

पाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला सगळे याहा म्हणतात, म्हणजे आई. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "थांबू. पण त्याला नाही म्हटलं की तो पुन्हा यायचा नाही. तू पण नाही आलास तर वर्षभर हेच चाटत बसायचं का आम्ही?"

झालं! बोलून बसलो होतो.

लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक धुळ्याच्या पलीकडे एका भंगारवाल्याच्या आवारात उभा होता. पुढची चाकंही ओढणारा, पोटाखालून बकरी जाईल एवढा उंच. जीप विकली आणि तो आणला. बायको दारातच आडवी आली. "जीप इकीसन हाई भंगार लयी उनात तुम्ही?" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताडपत्रीला पडलेली भोकं मोजून स्वतःच शिवायला बसली. तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

मिस्तरी आमचा जुना. तो म्हणाला, "भाऊ, पैसा कमी शे ना? मग नवं काहीच नको." बॅटऱ्या जुन्या, टायर जुने, फळ्या एका पाडलेल्या गोदामाच्या. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा गंजून बसला होता, तो सोडवायला आठ दिवस गेले. आठही दिवस मी मिस्तरीवर ओरडलो आणि तो आठही दिवस माझ्याच खर्चाने चहा प्यायला.

राहिला रंग. लष्कराचा हिरवा साध्या माणसाच्या गाडीला चालत नाही, तो बदलावाच लागतो. पेंटरकडे कुणीतरी मागवून न नेलेला एक डबा पडून होता, जवळजवळ फुकट. मी म्हटलं, मार. कागदपत्रं झाली, गाडी झकास दिसायला लागली. तो रंग खाकी होता, आणि त्यात काही चुकलं असं मी, मिस्तरी, पेंटर, आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बाजाराच्या दिवशी उजाडताच निघालो. नाला ट्रकने असा पार केला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. चढावर दांडा ओढला, चाकांनी दगड पकडले, आणि पाड्यावर पोचलो.

पाडा रिकामा. चुली धुमसत होत्या, खाटेवर अर्धी भाकरी, आणि माणूस एक नाही. आमचुराची पोतीसुद्धा गायब. मी हॉर्न वाजवला. कुत्रंही पळालं.

मग माझी नजर बॉनेटच्या खाकी रंगावर गेली. अरे देवा! जंगलातल्या जमिनीवरून या लोकांच्या मागे जंगलखात्याची जन्माची कटकट. खाकी गाडी वर चढताना दिसली की माणसं सामान उचलून झाडीत जातात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षं याच डोंगरात फिरलो होतो मी.

बाजार दुपारी उठतो. व्यापारी तर केव्हाच रुसून दुसऱ्या गावाला गेलेला. मला असा संताप आला की बस. आधी पेंटरला, मग ट्रकला, मग स्वतःला शिव्या घातल्या. चाकाला लाथ मारली, अंगठा ठेचला, आणि सगळे मेले कुठे म्हणून जिवाच्या आकांताने ओरडलो, "कथा मरी गयात रे सगळा?"

वरच्या मोहाच्या झाडांमागून कुणीतरी फिसकन हसलं.

मग एकेक डोकं बाहेर आलं. सगळ्यांत पुढे याहा, डोक्यावर पोतं. "खाकीवाला आला की आधी नाव विचारतो," ती म्हणाली. "शिव्या देत येतो तो तूच." आणि डोक्यावरचं पोतं तिने तसंच सरळ ट्रकच्या फळीवर सरकवलं. ना वाकली, ना कुणाला हात लावू दिला. तिच्यामागून बाकीच्या.

अक्कलकुव्यात पोचलो तेव्हा बाजार भरात होता. एका आडत्याने पोतं उघडलं, दोन फोडी बोटांनी मोडून पाहिल्या आणि याहाला विचारलं, "काय भावाने देणार?"

ती माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी खेकसलो. "माल तुझा आहे."

तिने पोत्यातली एक फोड काढून आडत्याच्या हातावर ठेवली. "आधी खा. मग सांगते."

त्याने खाल्ली. तोंड वेडंवाकडं केलं, डोळे मिटले. याहाने भाव सांगितला. तो ऐकून मला वाटलं, गेला हा आता उठून.

त्याने ओठ पुसले आणि म्हणाला, "ठेवा काट्यावर."