घर बंद नाही, कुलूप आहे

विमाकाकांना आमच्या शाखेत सगळे त्यांच्या एका वाक्यामुळे ओळखायचे. नव्या गिऱ्हाइकापुढे फॉर्म ठेवला की पेन देण्याआधी ते म्हणायचे, "इथे खोटं लिहिलंत, तर आग लागायच्या आधीच घर जळालं समजा." गिऱ्हाईक हसायचं. काका हसायचे नाहीत.

बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांचे विमे उतरवले. जुन्या स्कूटरवरून गल्लोगल्ली फिरायचे, जिने चढायचे, वायरिंग बघायचे, मोरीत वाकून नळाला हात लावून बघायचे. बारीक अक्षरातल्या अटी मोठ्याने वाचून दाखवायचे, ऐकणारा जांभया देत असला तरी. एका बेकरीवाल्याने घरातच डिझेलचं पिंप ठेवलं होतं आणि फॉर्मवर ते लिहायला तो तयार नव्हता. काका चहा अर्धा टाकून उठले. साहेब चिडले, तर काका म्हणाले, "आज याचा हप्ता घेईन, पण उद्या याच्या बायकोला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचे. नियम मी पुस्तकातून थोडे शिकले, बाकीचे त्यांच्याकडून.

त्यांचं स्वतःचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे उघडणारी गॅलरी. खाली शिलाईवाल्या ताई राहायच्या. पुढच्या खोलीत तीन मशिनं, मागे बिऱ्हाड. शाळांचे गणवेश शिवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. काकू होत्या तोवर दोघींचं दिवसभर खालून वर, वरून खाली बोलणं चालायचं.

काका निवृत्त झाले, पुढे काकू गेल्या आणि सहा महिन्यांतच काकांच्या गुडघ्याने दगा दिला. मुलगा दुसऱ्या शहरात, बसने तीन तासांवर. "महिनाभर चला बाबा, मग बघू," असं म्हणून तो घेऊन गेला. त्या महिन्याची तीन वर्षं झाली.

निघायच्या दिवशी ताई जिन्यात आल्या होत्या. "भाऊ, एक चावी माझ्याकडे ठेवा. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडीन, नळबिळ बघीन."

"कशाला तुम्हाला त्रास? येतोच आहे मी पुढच्या महिन्यात."

खरं कारण त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. पलंगाशेजारी काकूंचा चष्मा होता, अर्धवट वाचलेलं मासिक होतं, खुंटीला स्वेटर होता. दुसऱ्या कुणाचा हात तिथे लागावा, हे त्यांच्या जिवावर येत होतं. आणि स्वतः जाऊन तो स्वेटर खाली काढणंही जमत नव्हतं. वर्षातून एकदोनदा जायचे, पंखा लावून तासभर बसायचे आणि संध्याकाळच्या बसने परतायचे.

पॉलिसीच्या नूतनीकरणाला मात्र ते स्वतः आमच्या शाखेत यायचे. फॉर्मवर एक प्रश्न असतो: घरात सध्या कोण राहतं? स्वतः मालक, भाडेकरू की घर बंद? आमच्या पॉलिसीत दोन महिन्यांपेक्षा जास्त बंद राहणारं घर तसं कळवावं लागतं. हप्ता थोडा वाढतो, मधूनमधून कुणीतरी जाऊन घर बघायची अट असते, एवढंच. तिसऱ्या वर्षी काकांनी फॉर्म सरकवला आणि 'स्वतः मालक' पुढची खूण मला दिसली.

मी हळूच म्हटलं, "काका, बंद घराची पॉलिसी वेगळी आहे ना…"

"बंद नाही गं ते," ते म्हणाले. "कुलूप आहे, एवढंच."

त्यांचा चेहरा बघून मला पुढे बोलवेना. ज्यांनी मला नियम शिकवले, त्यांना मी काय नियम सांगणार? मी शिक्का मारला.

चार महिन्यांनी, शाळा उघडायच्या आठवडाभर आधी, भर दुपारी ताईंच्या छतातून पाणी गळायला लागलं. आधी थेंब, मग धार. मशिनं झाकून त्या वर धावल्या. दाराखालून पाणी जिन्यात येत होतं. आत सिंकखालचा पाइप फुटला होता आणि पाणी बंद करायचा कॉकही आतच होता. समोरच्या दुकानदाराने हातोडा आणून दिला. ताईंनी काकांना फोन लावला.

"भाऊ, तुमच्याकडे पाइप फुटलाय. कुलूप तोडते."

"नको, नको! तोडू नका," काका म्हणाले. "मी निघालोच. बस लगेच मिळेल."

"भाऊ, खाली सगळं शिवून ठेवलंय. दोनशे गणवेश आहेत."

"ताई, ऐका माझं. मी येतो. तोपर्यंत कुणी आत जाऊ नका."

त्यांच्या शब्दाला त्या गल्लीत मान होता. ताईंनी हातोडा खाली ठेवला आणि गणवेश बाहेर काढायला धावल्या. निम्मेअर्धे निघाले. पावणेदोन तासांनी पुढच्या खोलीचं छत फुगलं आणि गिलाव्याचा मोठा तुकडा मशिनांवर कोसळला. ताई त्या वेळी अंगणात होत्या म्हणून वाचल्या. काका पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. त्यांनी कुलूप उघडलं. आत घोटाभर पाणी होतं. काकूंचं मासिक पलंगाखाली तरंगत होतं.

पाहणी करायला आमच्याकडचा जो सर्व्हेअर गेला, तो काकांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने बंद फ्रिजचं उघडं दार पाहिलं, भिंतीवरचं तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर पाहिलं, विजेची बिलं चाळली. मग वही मिटून खालच्या आवाजात म्हणाला, "काका, महिन्यात चार-पाच दिवस येऊन राहत असाल ना? तसं लिहितो मी."

काका म्हणाले, "एक खोटं माझ्या हातून लिहून झालंय. दुसरं तुझ्या हातून नको. लिही, तीन वर्षं घर बंद होतं."

त्याने तसं लिहिलं आणि दावा नामंजूर झाला. काकांना स्वतःच्या घराचं काही वाटलं नाही. पण त्याच पॉलिसीत शेजाऱ्याचं नुकसान भरून द्यायचं कलम होतं, तेही गेलं. हे कलम किती महत्त्वाचं, हे त्यांनी हजारो लोकांना वाचून दाखवलं होतं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," ते मला म्हणाले. "मी तर कोरडाही राहिलो नाही."

ताईंना सांगायला ते एकटेच गेले. विम्यातून काही मिळणार नाही, पण मी माझ्या खिशातून सगळं भरून देईन, असं म्हणाले. ताई भिजलेले गणवेश दोरीवरून काढत होत्या. रंग उतरून कॉलरींवर आला होता.

"भरून द्याल, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण शाळेने काम दुसऱ्याला दिलं. वीस वर्षांचं काम होतं. आणि मी तर वर दारात उभी होते, भाऊ. हातोडा हातात होता. तुम्ही नको म्हणालात."

मला हे सांगताना काका "त्या म्हणाल्या ते बरोबरच होतं" एवढंच तीन-चारदा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वरची जागा रिकामी केली. जे सामान तीन वर्षं कुणाला हात लावू दिलं नव्हतं, ते एका दुपारात आवरून झालं. खालची खोली दुरुस्त होईपर्यंत वर मशिनं लावा, असं त्यांनी ताईंना सांगितलं. त्यांनी लावलीही. नवी मशिनं काकांनी घेऊन दिली होती. पण खोली दुरुस्त झाल्यावर ताईंनी मशिनं तिथे परत नेली नाहीत, लांब बाजाराजवळ एक गाळा घेतला. छताखाली बसलं की सारखं वर लक्ष जातं, म्हणाल्या.

एकदा मी काकांना म्हटलं, "त्या दिवशी मी शिक्का मारायला नको होता."

"तू विचारलं होतंस," ते म्हणाले. ते खरं आहे, पण मी अर्धंच विचारलं होतं आणि त्यांचं उत्तर मला सोयीचं वाटलं होतं, हे मला ठाऊक आहे.

घर त्यांनी त्याच वर्षी विकलं. आता मुलाकडेच असतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताईंना फोन करतात. काम कसं चाललंय, हे विचारतात. ताई "बरं आहे" म्हणतात, तब्येत विचारतात आणि कुणीतरी गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवतात. मागे मी विचारलं, काही मोकळं बोलतात का हो त्या?

"नाही," काका म्हणाले. "पण फोन उचलतात. तेवढं पुष्कळ आहे."