लोडशेडिंगमध्ये येणारा व्हिजिटर

आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी, दाराला टांगायला नाही. मी फिजिक्समध्ये बी.एस्सी., नवरा इंजिनियर. अमावस्येलाच आम्ही नवीन फ्रिज आणला होता, तोही मुद्दाम. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण झालं ते जसंच्या तसं सांगते.

गोष्ट २००७ची. विरार वेस्टला, बोळिंजमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मुलगी लहान म्हणून मी कॉम्प्युटर क्लासमधली शिकवण्याची नोकरी सोडली होती. एका फोरमवर वाचलं की प्रॉक्सी साइट काढून घरबसल्या कमाई होते. म्हणजे काय, तर ऑफिसात, कॉलेजात, काही देशांत ज्या साइट ब्लॉक असतात, त्या लोक आपल्या साइटच्या आडून उघडतात. पानावर एक चौकोन असतो, त्यात हव्या त्या साइटचा पत्ता टाइप करायचा. आजूबाजूला जाहिराती, त्यांचे पैसे आपल्याला. आपली साइटही कधी ना कधी ब्लॉक होतेच, मग नव्या नावाने दुसरी काढायची.

माझ्या जोडीला सुनीता होती. क्लासमधलीच सहकारी, जवळच्या जूचंद्र गावची. साइट मी बनवायची आणि सुनीताने लोकांपर्यंत पोचवायची – प्रॉक्सींच्या याद्यांत नाव घालणं, फोरमवर पोस्ट टाकणं, सगळं तिच्याकडे. तिने हात लावल्याशिवाय साइटवर चिटपाखरू फिरकत नसे.

सातवी साइट चढवली तेव्हा ती एका लग्नाला गेली होती. नाव कुठेच टाकलेलं नव्हतं. संध्याकाळी सहज लॉग उघडला. कोण आलं, किती वाजता, काय उघडलं, हे त्यात नोंदलं जातं, तेही माझ्या कॉम्प्युटरवर नाही, साइट भाड्याने ठेवलेल्या कंपनीच्या सर्व्हरवर. एक व्हिजिटर होता. दुपारी दोन पस्तीस.

त्याने उघडलं होतं जूचंद्रच्या रांगोळ्यांचं पान. आमच्याच क्लासच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून बनवलेलं! त्यातला एकच फोटो – अंगणात वाकून रांगोळी काढणारी बाई. हे पान जगात कुठेही ब्लॉक नव्हतं. ते बघायला प्रॉक्सी कशाला लागते?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आठवी साइट काढली, कुणालाही न सांगता. तो तिथेही आला.

सुनीता आल्यावर तिला दाखवलं. तिने फोटोतल्या बाईवर बोट ठेवलं.

"ही माझी आय आहे."

मग एकदम माझा हात धरला. "दादा असेल गं! तिकडे साइट ब्लॉक असतात ना, म्हणून आपल्यातून येत असेल."

तिचा मोठा भाऊ हरेश एसी मेकॅनिक म्हणून गल्फला गेला होता. दोन वर्षं पत्रं, फोन... आणि नंतरची चार वर्षं काहीच नाही. कंपनी बंद पडली होती. वकिलातीकडूनही उत्तर आलं नव्हतं.

"बघ ना, कुठला देश दाखवतंय?"

मी बघितलं आणि तिला लॉगमधला आकडा दाखवला. प्रत्येक इंटरनेट कनेक्शनला एक आकडा असतो. मी कामासाठी कायम एकच राहणारा घेतला होता, म्हणून तो मला पाठ होता. लॉगमध्ये तोच होता. माझ्या घरचा.

आणि दुपारी बारा ते तीन आमच्याकडे लोडशेडिंग असायचं. इन्व्हर्टर नव्हता. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, लाइट नसताना आमचाच बॉक्स बंद असतो. तुमचं नेट चालणार कुठून?" नवऱ्याचं म्हणणं, कुणीतरी आपला तो आकडा चोरलाय. असेल.

शेवटी सुनीता म्हणाली, समोर बसून बघू. दुसऱ्या दिवशी लाइट गेल्यावर आम्ही दोघींनी कॉम्प्युटरचा प्लग काढला, मॉडेमचाही. वायरी जमिनीवर ठेवल्या आणि समोर बसून राहिलो. मुलगी आत झोपली होती. अडीच वाजले, पावणेतीन झाले. काळ्या स्क्रीनवर आम्हा दोघींचीच तोंडं दिसत होती. काहीही झालं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

तीनला लाइट आली. प्लग लावले, लॉग उघडला.

दोन पस्तीसला तोच फोटो. त्याखाली, दोन एक्केचाळीसपासून, साइटचा पत्ता टाकायच्या चौकोनात कुणीतरी इंग्रजी अक्षरांत शब्द टाइप केले होते. लागोपाठ तीनदा – 'आयला उठव'.

मी मूळची सांगलीची. मला ती शिवीच वाटली. "बघ, कुणीतरी टवाळ आहे."

सुनीता उठून उभी राहिली होती. "शिवी नाही गं. आय-ला. आयला उठव."

तिने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग शेजारच्या काकूंना लावला. "काकी, धावत जा... आयला बघा!"

दार आतून बंद होतं. काकूंच्या मुलांनी मागची खिडकी तोडली. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बेशुद्ध पडली होती. डायबिटीसची गोळी घेतली होती आणि जेवलीच नव्हती, साखर पार उतरली होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

पुढच्या आठवड्यात मी सुनीताच्या आईंना भेटायला जूचंद्रला गेले. सुनीताने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, रडतील. त्यांनी फक्त विचारलं, "कंचा फोटो बगतंय तो?"

मी प्रिंट दाखवली. त्यांनी ती उन्हात धरली.

"यात माजा तोंड कुठं दिसतंय? निस्ता पदर दिसतंय. नवीन काढ."

केस विंचरून, धुवट हिरवं लुगडं नेसून त्या अंगणात खुर्चीवर बसल्या. सरळ कॅमेऱ्याकडे बघत. हसल्या नाहीत. त्या पानाचा पासवर्ड अजून माझ्याकडे होता; त्याच संध्याकाळी मी तो फोटो रांगोळ्यांच्या पानावर, जुन्याच्या जागी लावला.

दुसऱ्या दिवशी लोडशेडिंगमध्ये तो आला. दोन पस्तीसपासून तीन वाजायला एक मिनिट असेपर्यंत... एकच फोटो, सत्तावीस वेळा उघडलेला.

त्यानंतर कधीच नाही. वर्षभरात प्रॉक्सीचा धंदाही बसला, आम्ही साइट बंद केल्या. हरेशचा आजतागायत पत्ता नाही. जिवंत आहे की नाही, तेही माहीत नाही. लॉगची ती पानं मी दोन-तीन जाणकारांना दाखवली. प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं, आणि लाइट नव्हती हे त्यातल्या एकाही कारणात बसत नव्हतं.

सत्तावीस नोंदी दिसल्या त्या संध्याकाळी आईंनी सुनीताच्या फोनवरून मला एकच विचारलं होतं, "बगला का गं त्यानी?"

"हो," मी म्हणाले, "बघितला."

कुणी बघितला, ते मला अजून सांगता येत नाही.