दादाचं चारचौघांतलं जेवण

माझा दादा कुलपं दुरुस्त करतो आणि किल्ल्या बनवतो. जिन्याखाली त्याचं दुकान. तिथे एक माणूस बसला की दुसऱ्याने श्वाससुद्धा बाहेरच घ्यायचा, एवढीच जागा. बारीक स्क्रू दातांत धरायची त्याला सवय होती, आणि गिऱ्हाइकाशी बोलणंही त्याच दातांमधून चालायचं. एक दिवस गिळशील, असं मी त्याला हजारदा बजावलं असेल. गिळला मात्र एकदाही नाही. पण दोन वर्षांपूर्वी जबड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, डावीकडचे दात गेले आणि ओठाची, हनुवटीची ती बाजू बधिर झाली. जीव वाचला हे नशीब, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण त्यानंतर दादा चारचौघांत जेवला नाही.

चावता येत नाही याचं त्याला फारसं वाटत नसे. घास हनुवटीवर ओघळला तरी आपल्याला कळत नाही, याची त्याला लाज होती. आमची जेवणं आटोपली की तो आपलं जेवण मिक्सरमधून काढायचा आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून खायचा. वहिनी गेल्यापासून मी याच घरात राहते, त्यामुळे ती पाठ मी रोज बघत होते. मी चिडायचे, ओरडायचे. तो भांडं धुऊन पालथं घालायचा आणि दुकानात जायचा.

अशात भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाचे आईवडील म्हणाले, एकदा सगळे मिळून बाहेर जेवू. दादाने लगेच सांगून टाकलं की तुम्ही जाऊन या, मला एका कपाटाचं कुलूप उघडायला जायचंय. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना भाची आरशातून मला म्हणाली, "आत्या, बाबा नसतील तर मीपण नाही जाणार. आज जेवायला नाहीत, उद्या लग्नातही जेवणाच्या वेळी कुठेतरी दडून बसतील."

खरंच होतं ते. मी दादाच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी तो एवढ्यावर आला की येईन, पण घरून जेवून आलोय म्हणून सांगेन आणि नुसता चहा घेईन. होणाऱ्या व्याह्यांसमोर नुसता चहा घेऊन बसलेला मुलीचा बाप माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

मी लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. समोरच एक लेबनीज हॉटेल आहे, आठ टेबलांचं. नवराबायको तिकडूनच आलेले. तो भट्टीपाशी, ती गल्ल्यावर. त्यांची टेबलावरची कापडं आमच्याकडे धुवायला येतात, त्यामुळे तिथल्या पदार्थांचे डाग मला आधी माहीत झाले, चव नंतर. आमच्यासारख्यांना परवडेल असं जेवण, म्हणून तिथलंच टेबल ठरवलं. दोन दिवस आधी मी मालकिणीकडे गेले आणि हळूच विचारलं, आमच्यातल्या एकाला चावता येत नाही, त्याचं तेवढं मिक्सरमधून काढून द्याल का?

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या सात पिढ्यांचा अपमान केला होता. मग माझ्या हातात चमचा दिला आणि गल्ल्यापाशी उभं करून एकेक चाखायला लावलं. उकडलेले छोले आणि तीळ एकत्र वाटून केलेला हमूस, निखाऱ्यावर भाजून घोटलेलं वांगं, ऑलिव्ह तेल घातलेला घट्ट चक्का, मसुराचं सूप. "यातलं काय वाटायचं राहिलंय?" त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं. मी चमचा चाटूनपुसून परत केला.

रविवारी दुपारी आम्ही जमलो. मुलाचे वडील बस डेपोत मेकॅनिक, आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचं रांधणारी. दादाने डावी बाजू भिंतीकडे येईल अशी खुर्ची पकडली. ताटल्या आल्या त्या सगळ्या टेबलाच्या मधोमध. वेगळं ताट कुणालाच नव्हतं. गरम, फुगलेली रोटी तोडायची आणि बुडवून खायची. दादाने ठरलेलं वाक्य म्हटलं, मी जेवून आलोय. मालकिणीला ते कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. रश्शात मऊ झालेले रोटीचे तुकडे, छोले आणि वर दही घातलेला मोठा वाडगा त्यांनी नेमका त्याच्यासमोर ठेवला आणि आम्हा सगळ्यांच्या हातांत चमचे दिले.

आम्ही सगळेच त्यातलं घेऊ लागलो. दादाने वास घेतला. मग एक चमचा खाल्ला. मग दुसरा. भाची मुद्दाम दुसरीकडे बघत होती. तिसऱ्या चमच्याला दही ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून निघालं आणि हनुवटीवर आलं. त्याला पत्ताच नव्हता. मी रुमाल घेऊन अर्धी उठले, तर भाचीने टेबलाखालून माझं मनगट दाबून धरलं.

शाळेत एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं, त्याची गोष्ट विहीणबाई रंगात येऊन सांगत होत्या. न थांबता त्या दादाला म्हणाल्या, "डावीकडे हनुवटीला लागलंय, पुसा." आणि त्याच सुरात नवऱ्याला, "तुम्ही मिशी." व्याह्यांनी मुकाट्याने मिशी पुसली. गोष्ट पुढे चालू.

दादाने हनुवटी पुसली. त्याचे कान लाल झाले होते. आता हा चमचा खाली ठेवणार, असं मला वाटलं.

"मग त्या तीनशे पोरांनी खाल्लं काय?" दादाने विचारलं, आणि वांग्याची ताटली स्वतःकडे ओढली.

मला इतकं हायसं वाटलं की माझं सूप कधी निवलं ते कळलंच नाही. त्या जेवणात विहीणबाईंनी त्याला आणखी तीनदा टोकलं आणि नवऱ्याला पाचदा. दादा दर वेळी पुसायचा आणि पुढचा चमचा भरायचा.

निघताना तो गल्ल्यापाशी थांबला आणि पुढच्या रविवारचं टेबल राखून ठेवायला सांगू लागला. किती जणांचं, असं मालकिणीने विचारलं.

"आत्ता आहोत तेवढ्या सगळ्यांचं," तो म्हणाला. तुम्हाला वेळ आहे का, हे त्याने आम्हाला विचारलंसुद्धा नाही.